मध्यवस्तीतला एकमेव वृक्ष

फोटोसाठी माणसाने काय वाटेल ते उसनं आणावं. कोट आणावा, घड्याळ आणावं, वेळ पडली तर तोंडावर हसूही आणावं. झाड मात्र आणू नये. ही अक्कल जुन्या बाजारपेठेतल्या चष्मेवाल्यांना आली तेव्हा फार उशीर झाला होता. तशी अक्कल कोणाला वेळेवर येते म्हणा! पण चष्मेवाल्यांची गोष्ट वेगळी. सगळ्या गावाला नीट दिसावं म्हणून ज्याने जन्म घालवला, त्यालाच पुढचं दिसू नये याला काय म्हणायचं?

चष्मेवाल्यांचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मध्ये चुकून उरलेली फट होती. तिला त्यांच्या वडिलांनी दार लावलं आणि दुकान म्हणायला सुरुवात केली. डाव्या हाताला फोटोवाले, उजव्या हाताला टेलरमास्तर, मधे हे. आत एक कपाट, एक आरसा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि एक गिऱ्हाईक, एवढंच मावायचं. तक्ता योग्य अंतरावरून वाचून घ्यायचा तर गिऱ्हाइकाची खुर्ची मागे मागे न्यावी लागे आणि तिचे मागचे दोन पाय पायरीवर जात. पण इतक्या वर्षांत तिथून उठलेल्या कुठल्याही माणसाने चुकीच्या नंबरचा चष्मा घातला नव्हता. वडिलांचा नियमच तसा होता : ज्याला दिसत नाही त्याला दिसतं म्हणायचं नाही, आणि ज्याला दिसतं त्याला चष्मा विकायचा नाही. हा नियम पाळल्यामुळे दुकान कधी वाढलं नाही, पण चष्मेवाल्यांची मान मात्र कायम ताठ राहिली. जरा जास्तच ताठ, असं त्यांची बायको म्हणायची.

तर झालं असं, की नगरपालिकेला एके दिवशी बाजारपेठेची लाज वाटायला लागली. लगेच ‘मध्यवस्ती पुनर्विकास योजना’ निघाली. जुन्या इमारतींची ओळ पाडायची आणि तिथे अगदी जुन्यासारखी दिसणारी नवी ओळ बांधायची, अशी ती योजना होती. टेलरमास्तरांनी पहिल्याच बैठकीत उभं राहून विचारलं, “साहेब, जुन्यासारखीच हवी तर मग हीच का नको?” त्यावर योजनेच्या साहेबांनी फार समजुतीच्या स्वरात सांगितलं, “हिला जुनेपणा शोभत नाही हो.” टेलरमास्तर खाली बसले. पुढचे कित्येक दिवस ते आरशात स्वतःकडे संशयाने बघत होते.

मग कळलं, की योजनेची माणसं येऊन सगळ्या ओळीचे फोटो काढणार, त्या फोटोंवरून नकाशा होणार, आणि नकाशात जे दुकान असेल त्यालाच नव्या इमारतीत जागा मिळणार. चष्मेवाल्यांनी ही बातमी ऐकली आणि पहिली नजर गेली ती पायरीवर. पायरीचा एक कोपरा निखळला होता. दाराशेजारच्या भिंतीचे पोपडे निघाले होते. बायको कधीपासून कानीकपाळी ओरडत होती, की गवंडी बोलवा. पण गवंडी बोलवायचा म्हणजे दुकान बंद ठेवायचं, आणि दुकान बंद ठेवायचं म्हणजे वडिलांच्या आत्म्याला त्रास, असं चष्मेवाल्यांचं म्हणणं. खरी गोष्ट अशी, की त्यांना गवंड्याची भीती वाटायची. गवंडी आधी असलेलं पाडतो.

“एवढा फोटोपुरता कोपरा झाकला की झालं,” असं ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांची नजर शेजारी फोटोवाल्यांच्या स्टुडिओत उभ्या असलेल्या झाडावर पडली.

हे झाड प्लॅस्टिकचं होतं. चांगलं माणसापेक्षा उंच, मोठ्या सिमेंटच्या कुंडीत वर खरी माती भरून उभं केलेलं. एके काळी गावातल्या निम्म्या नवराबायकोंनी त्या झाडाच्या खोडावर हात ठेवून फोटो काढून घेतले होते. आता लोक मोबाइलवरच फोटो काढत आणि फोटोवाल्यांकडे फक्त ओळखपत्राचे फोटो उरले होते. ओळखपत्राला झाड चालत नाही. त्यामुळे झाड कोपऱ्यात धूळ खात उभं होतं.

“न्या की,” फोटोवाले म्हणाले. “फक्त सांभाळून. माझ्या धंद्याची शेवटची खूण आहे ती.”

दोघांनी मिळून कुंडी ढकलत ढकलत पायरीजवळ आणली. निखळलेला कोपरा झाकला. पोपडे झाकले. पानं जरा पसरवल्यावर दारही झाकलं गेलं आणि वडिलांनी हाताने रंगवलेली चष्म्याची पाटीही. चष्मेवाले रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले, मान तिरकी केली, आणि त्यांना फार प्रसन्न वाटलं. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. ती दुकानावरून दोनदा पुढे गेली आणि परत आली.

“अहो, दुकान कुठे गेलं?”

“त्या झाडामागे आहे. याला शोभा म्हणतात.”

“शोभा दिसतेय. दुकान दिसत नाही,” बायको म्हणाली आणि पानं बाजूला सारत आत शिरली. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. त्या दुर्लक्षाची आठवण तिने पुढे त्यांना अनेकदा करून दिली. योजनेची माणसं आली, फोटो काढून गेली, आणि झाड परत स्टुडिओत गेलं.

काही आठवड्यांनी चौकात नकाशाचं भलंमोठं रंगीत चित्र लागलं. बाजारपेठ लोटली. चित्रातला रस्ता काचेसारखा स्वच्छ होता. त्यावरून चालणारी माणसं सगळी सडपातळ होती आणि एकाच्याही हातात पिशवी नव्हती. ही माणसं खरेदी न करता बाजारात का हिंडताहेत, हा प्रश्न टेलरमास्तरांनी मोठ्याने विचारला, पण लोक आपापली दुकानं शोधण्यात गुंग होते. फोटोवाल्यांना आपला स्टुडिओ सापडला. टेलरमास्तरांनाही आपलं दुकान सापडलं, ते बघून त्यांनी नकळत सदऱ्याची कॉलर सारखी केली. दोन्हींच्या मधे मात्र एक डेरेदार झाड होतं. त्याच्या मागे निळं आकाश. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ‘विद्यमान वृक्ष (जतन करणे) व मोकळी जागा.’

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. झाड तिथेच होतं.

“तुमच्या जागी झाड उगवलंय की हो,” टेलरमास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण ते फार खोलवर असावं. वरवर तरी कुतूहलच दिसत होतं.

 नकाशात दुकान नाही म्हणजे नव्या इमारतीत जागा नाही. वडिलांनी आयुष्यभर ज्या फटीत बसून लोकांचे डोळे तपासले, ती फट आता मोकळं आकाश होणार. आणि हे सगळं कोणी केलं? दुष्ट बिल्डरने नाही, लाचखाऊ अधिकाऱ्याने नाही. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, तोही कुंडीसकट.

दुसऱ्या दिवशी ते योजनेच्या कार्यालयात गेले. तिथे एक आर्किटेक्ट मुलगी संगणकासमोर बसली होती. मुलगी गोड होती, बोलायला नम्र होती. असल्या लोकांशी भांडता येत नाही, हीच तर खरी अडचण असते.

“काका, तुमचं दुकान तिथे आहे याबद्दल मला शंका नाही,” ती म्हणाली. “पण तिथे झाड आहे ना.”

“नाही हो. ते प्लॅस्टिकचं होतं. फोटोपुरतं उभं केलं होतं.”

मुलीचा चेहरा पडला. “प्लॅस्टिकचं?” तिने इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “काका, हे इथे मोठ्याने बोलू नका. अख्ख्या मध्यवस्तीत ते एकच झाड सापडलं आम्हाला. योजनेला मंजुरी मिळाली ती ‘विद्यमान वृक्षांचे जतन’ या मुद्द्यावर. ते झाड काढलं तर जतन कशाचं करायचं?”

“मग माझं दुकान दाखवा आणि झाडही दाखवा.”

“जागा एवढीशीच आहे. मुळांना मोकळी जागा सोडावी लागते.”

“त्याला मुळं नाहीत!”

“नियमाला आहेत,” ती हळहळून म्हणाली. शेवटी तिला दया आली आणि तिने मार्ग सांगितला. उद्यान खात्याने लिहून दिलं, की हे झाड काढायला हरकत नाही, तर ती चित्रातून झाड पुसून दुकान काढून देईल. चष्मेवाल्यांना तो मार्ग अगदी सरळ वाटला आणि त्यांनी लगेच उद्यान खात्यात अर्ज देऊन टाकला. नसलेलं झाड काढायला कोण हरकत घेणार? सुंठेवाचून खोकला जाणार म्हणून ते खुशीत घरी आले. बायकोने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही झाड तोडायची परवानगी मागून आलात?” चष्मेवाल्यांनी तिला सरकारी कामातलं काही कळत नाही असं सांगितलं. तिला सगळं कळत होतं, असं पुढे ठरलं.

उद्यान खात्याचे साहेब पाहणीला आले. गृहस्थ दांडगे, मिशीवाले, आणि कागद वाचताना तो हात लांब करून छातीपासून दूर धरणारे. चष्मेवाल्यांनी हे पहिल्याच क्षणी टिपलं. जवळचं अजिबात दिसत नाही, आणि चष्मा लागला हे कबूल करायचं नाही. अशी माणसं त्यांनी आयुष्यात ढिगाने पाहिली होती. हात पुरेनासा झाला, की मग ती मुकाट्याने दुकानात येतात.

साहेबांनी कागद लांब धरला, मग पायरीकडे बघितलं. “झाड कुठाय?”

“नाहीच आहे साहेब. तेच तर सांगायचंय.”

साहेबांचा चेहरा कठोर झाला. “तोडलंत?”

“नाही हो!”

“परवानगीचा अर्ज तुमचा. झाडाचा फोटो आमच्याकडे. आणि झाड गायब. मग काय, चालत गेलं?”

“शेजारी गेलं,” चष्मेवाले म्हणाले आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांनी स्वतःच कपाळाला हात लावला.

“ते प्लॅस्टिकचं होतं साहेब,” टेलरमास्तर मदतीला धावले. टेलरमास्तरांची मदत म्हणजे आगीतून फुफाट्यात.

“सगळे असंच म्हणतात,” साहेब म्हणाले. “मागे एकाने वडाला कुंडीतलं रोपटं म्हटलं होतं. वृक्षतोडीचा खटला भरतो मी तुमच्यावर.”

खटला हा शब्द चष्मेवाल्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावाला लागलेला ऐकला. त्यांच्या घराण्यात आजवर कोणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. आणि आता वृक्षतोड! पेपरात नाव येणार, लोक म्हणणार, दिसायला साधा माणूस हो, पण कुऱ्हाड घेऊन हिंडायचा. ते तडक स्टुडिओत शिरले, फोटोवाल्यांना हाताला धरून बाहेर काढलं, आणि दोघांनी धापा टाकत कुंडी पुन्हा पायरीजवळ आणून ठेवली. म्हणजे साहेबांना डोळ्यांनी दिसावं, हातांनी चाचपता यावं, की झाड प्लॅस्टिकचं आहे.

साहेब चार पावलं मागे सरले. लांबून त्यांनी झाडाकडे बघितलं. लांबून त्यांना छान दिसायचं. “हे काय, आहे की झाड!” ते म्हणाले, आणि त्यांचा राग क्षणात निवळला. “उगीच घाबरवलंत. कुंडीत हलवलंत होय? हरकत नाही, जगलंय.”

“साहेब, जवळून बघा. हात लावा.”

“पानांना हात लावायचा नसतो. आमचा नियम आहे.” त्यांनी खोडाला टेप गुंडाळली, मग कागद लांब धरून लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. “पानगळ नाही. कीड नाही. एक पान पिवळं नाही. प्रकृती उत्तम. इतकं निरोगी झाड मी नोकरीत बघितलं नाही. जात कोणती?”

“बाहेरची असावी,” फोटोवाले चाचरत म्हणाले.

“कारखान्याकडची,” टेलरमास्तर म्हणाले.

“परदेशी, दुर्मिळ,” साहेबांनी लिहिलं. मग त्यांनी खिशातून पत्र्याचा बिल्ला काढला, त्यावर आपली सही केली, आणि खोडावर खिळ्याने ठोकला. खिळा ठोकताना खोडातून पोकळ आवाज आला. साहेब म्हणाले, “आतून थोडं पोखरलंय. काळजी घ्यायला हवी.” फोटोवाल्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या धंद्याची शेवटची खूण आता सरकारजमा झाली होती, आणि जागेवरून हलवायला बंदी होती.

झाड पेपरात झळकलं. ‘मध्यवस्तीतला एकमेव वृक्ष’ असा मथळा होता. लगेच गावातल्या झाडप्रेमी मंडळाच्या अध्यक्षा धावून आल्या. त्या पायापासून पदरापर्यंत हिरव्या कपड्यांत असायच्या, म्हणून बाजारपेठेने त्यांचं नाव हिरव्याताई ठेवलं होतं. त्यांनी झाडाला मिठी मारली, डोळे पुसले, आणि झाडाला रोज पाणी घालायची जबाबदारी मंडळाने घेतली. माणसं पाळीपाळीने बादल्या घेऊन यायची. आता प्लॅस्टिकचं झाड पाणी पीत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. कुंडी भरून वाहायची, आणि ते सगळं पाणी निखळलेल्या कोपऱ्यातून थेट चष्मेवाल्यांच्या दुकानात शिरायचं. गिऱ्हाईक पाय वर घेऊन तक्ता वाचायचं. जो कोपरा झाकायला झाड आणलं, तोच कोपरा आता सूड घेत होता.

सल्ल्यांना तर ऊत आला. एक म्हणाला, झाड चोरीला जाऊ द्या. दुसरा म्हणाला, विस्तव लावा, वितळेल. टेलरमास्तर म्हणाले, “त्यापेक्षा तुम्हीच प्लॅस्टिकचे व्हा. मग तुमचंही जतन करतील.” त्यावर सगळे हसले. चष्मेवाले हसले नाहीत. कपाटातल्या चष्म्यांच्या चौकटी ओल लागून गंजायला लागल्या होत्या, आणि पाडकामाची तारीख जवळ येत चालली होती. त्यांना कधी नव्हे ते जेवण जाईना. दुकान गेलं तर आपण कोण, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला. लोक त्यांना चष्मेवाले म्हणायचे. चष्मे नसलेल्या चष्मेवाल्याला काय म्हणतात?

“पाडकामाआधी हरकतींची सुनावणी आहे ना?” एकदा बायको दुकानातलं पाणी उपसता उपसता म्हणाली. “तिथे सगळ्यांसमोर खरं सांगून टाका. हातात पुरावा घेऊन जा.”

चष्मेवाल्यांना पटलं. त्यांनी झाडाचं एक पान हळूच ओढून काढलं. टक्क असा आवाज झाला, आणि देठाच्या जागी छोटीशी खुंटी दिसली. आता कोण नाही म्हणेल? सुनावणीच्या सभागृहात ते छाती पुढे काढून उभे राहिले. पान हातात उंच धरलं आणि म्हणाले, “मंडळी, हे बघा त्या झाडाचं पान!”

सभागृहातल्या सगळ्या माना पानाकडे वळल्या. मग हिरव्याताई किंचाळल्या, “पान तोडलं!”

पुढचा काही वेळ कोणालाच काही ऐकू आलं नाही. मंडळाचे लोक उठून उभे राहिले. कोणीतरी ‘वृक्षद्रोही’ असं ओरडलं. चष्मेवाले जिवाच्या आकांताने सांगत होते, की पान प्लॅस्टिकचं आहे, वाकवून बघा, चावून बघा. सुनावणीच्या अध्यक्षांनी पान मागवलं, बघितलं, आणि उद्यान खात्याच्या साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी ते हात लांब करून धरलं.

“ताजं आहे,” ते म्हणाले. “तोडूनही कोमेजलं नाही. जात फार चिवट आहे.”

अध्यक्ष शहाणे होते. पान हातात घेतल्याबरोबर त्यांना सगळं कळलं होतं, असं त्यांच्या तोंडावरून आर्किटेक्ट मुलीला वाटलं. पण योजना मंजूर झालेली, पाडकाम ठरलेलं, समोर हिरव्याताई, पाठीमागे पेपरवाले. झाकली मूठ उघडायची कोणी? ते घसा साफ करून म्हणाले, “एक गोष्ट सिद्ध झाली. एवढा दुर्मिळ वृक्ष असा उघड्यावर ठेवणं धोक्याचं आहे. उद्या कोणीही पान तोडेल. त्याच्याजवळ सतत एक माणूस हवा. वृक्षामागच्या मोकळ्या जागेत एक छोटी माळ्याची खोली करावी, असं मी सुचवतो.”

आर्किटेक्ट मुलीने मान वर केली. “छोटी म्हणजे केवढी साहेब? एक कपाट, एक आरसा मावेल एवढी?” आणि तिने चष्मेवाल्यांकडे अशा नजरेने बघितलं, की दगडालाही कळलं असतं. चष्मेवाल्यांना कळलं नाही.

“मी माळी नाही!” ते म्हणाले. “मी चष्मे विकतो. माझे वडील चष्मे विकत होते.”

“विका की,” अध्यक्ष म्हणाले. “पाणी घालून उरलेल्या वेळात विका.”

“माझ्या वडिलांनी...”

मागून बायकोने त्यांच्या सदऱ्याला असा हिसडा दिला, की ते खुर्चीत जाऊन पडले. “त्यांना मान्य आहे,” ती उभी राहून म्हणाली. “फार हौस आहे त्यांना झाडांची.”

 घरी आल्यावर चष्मेवाले म्हणाले, “माळी?” बायको म्हणाली, “दुकान राहिलं ना?” ते पुन्हा म्हणाले, “पण माळी?” तिने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, “अहो, माणूस जगायचा तर कुठल्याही नावाने जगतो. प्या आता.” ते प्यायले. अपमान झाला की त्यांना तहान फार लागायची.

यथावकाश जुनी ओळ पडली आणि जुन्यासारखी नवी ओळ उभी राहिली. सगळ्या दुकानांना सारख्या मापाच्या, सारख्या अक्षरांच्या पाट्या लागल्या. मधल्या खोलीवर ‘माळ्याची खोली’ अशी पाटी लागली. वडिलांनी रंगवलेला चष्मा बाहेर लावायला परवानगी नव्हती, म्हणून तो आत तक्त्याशेजारी टांगला. खोली आधीच्या फटीपेक्षा वीतभर मोठीच होती. खुर्चीचे चारही पाय आता आत राहत. गिऱ्हाइकं सुरुवातीला बिचकायची, मग सरावली. “माळीबुवा, लांबचं जरा पुसट दिसतंय,” असं म्हणत यायची. दर वेळी चष्मेवाले सांगायचे, “मी माळी नाही.” आणि दर वेळी बाहेरून कोणीतरी बादली आपटून विचारायचं, “माळीबुवा, पाणी कुठे ओतू?”

मग एका सकाळी उद्यान खात्याचे साहेब वार्षिक पाहणीला आले. झाड बघायच्या आधी ते आत शिरले, दार लोटलं, आणि खुर्चीवर बसले. मिशी खाली आली होती.

“जरा डोळे बघा हो,” ते कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून म्हणाले. “हल्ली हात पुरत नाही.”

चष्मेवाल्यांनी तपासणीची चौकट उचलली आणि ती तशीच हातात धरून ठेवली. समोर बसलेल्या या माणसाच्या धूसर डोळ्यांवर तर त्यांचं दुकान उभं होतं. याला नीट दिसलं की झाड गेलं. झाड गेलं की माळ्याची खोली गेली. आणि खोली गेली की चष्मेवाले रस्त्यावर. बायको कपाटाजवळ उभी होती. तिलाही कळलं. खिडकीतून टेलरमास्तरांचं डोकं आत आलं. त्या माणसाला असल्या वेळी कुठून वास लागतो देव जाणे.

“नंबर थोडा कमी द्या,” टेलरमास्तर पुटपुटले. “पेपर वाचता येईल एवढाच. पान दिसू नये.”

चष्मेवाल्यांनी साहेबांच्या नाकावर ती चौकट बसवली. एक काच घातली. साहेबांनी हातात दिलेला छापील अक्षरांचा पुठ्ठा वाचायला सुरुवात केली, मोठी अक्षरं वाचली, बारकी चाचपडत वाचली. “पुष्कळ बरं आहे,” साहेब म्हणाले. “चालेल हे.”

चालेल! अगदी इथे थांबायचं. गिऱ्हाईकच म्हणतंय चालेल. चष्मेवाल्यांनी बायकोकडे बघितलं.  ती खाली बघून एक चष्मा पुसत राहिली. मग त्यांची नजर तक्त्याशेजारी टांगलेल्या वडिलांच्या पाटीवर गेली आणि त्यांना स्वतःचाच संताप आला. जगाने माळी म्हटलं ते सोसलं. पण चुकीच्या नंबरचा चष्मा दिला, तर मग आपण खरोखरच माळी.

“नाही चालणार,” ते म्हणाले. त्यांनी काच काढली आणि दुसरी घातली.

साहेबांनी पुठ्ठ्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचली. मग स्वतःचा तळहात बघितला. मग घड्याळाच्या तबकडीवरचं बारीक नाव वाचलं आणि लहान मुलासारखे हसले. “अरे वा! अरे वा!” चष्मेवाल्यांनी त्या नंबरच्या काचा तयार चौकटीत बसवून दिल्या. चष्मा लावून, जे दिसेल ते वाचत वाचत, साहेब बाहेर गेले आणि झाडापाशी उभे राहिले. 

साहेबांनी पान हातात घेतलं, उलटं केलं. पानाच्या पाठीवर बारीक उठावाची अक्षरं होती. साहेबांना आता सगळंच वाचता येत होतं.

“साबणाच्या पाण्याने धुता येते,” त्यांनी मोठ्याने वाचलं.

त्यांनी पान सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. मग त्यांची नजर खोडावर आली. तिथे पत्र्याचा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर त्यांची स्वतःची सही. ती त्यांनी अगदी जवळून, सावकाश वाचली. रस्त्यावर इकडे तिकडे बघितलं. चष्मा काढला, घडी केली, डबीत ठेवला आणि डबी खिशात टाकली.

आत येऊन ते म्हणाले, “चष्मा उत्तम झालाय. फार वर्षांनी इतकं स्वच्छ दिसलं.”

“मग लावा ना साहेब,” चष्मेवाले कसंबसं म्हणाले.

“घरी लावीन,” साहेब म्हणाले. “कामावर असाच बरा.” त्यांनी पाहणीचा कागद काढला, हात पुरेल तेवढा लांब केला, आणि ‘प्रकृती उत्तम’ असं लिहून खाली सही केली.

चष्मेवाल्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. दोन्ही एकदमच आलं, त्यामुळे तोंडावर नेमकं काय आणावं ते त्यांना कळेना. साहेब दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “आणि माळीबुवा, पानं जरा पुसत जा. धूळ फार बसलीय.”

“बरं साहेब,” चष्मेवाले म्हणाले. त्यांनी काचा पुसायचं मऊ फडकं उचललं आणि ते बाहेर गेले.